विकतची चाके, हातचा डबा

आगगाडीचे वेड लागले नाही असे मूल विरळाच. १८८७-८८ साली मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत मीटर गेज लोहमार्ग झाला आणि गोमंतकास आगगाडीचे प्रथम दर्शन घडले. पुढे २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेची वाहतूक संपूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि पेडणे, थिवीमार्गे जाणारी गाडी आमच्या मये परिसरातील मुलांच्याही नित्य परिचयाची झाली. शाळाशाळांतील विज्ञानप्रदर्शनांत आगगाडीची प्रतिकृती हमखास दिसते, यात नवल ते काय!

परंतु या प्रतिकृती बहुधा दोनच प्रकारच्या असतात. एक, दुकानातून आणलेली आणि विद्युत्घटावर गरगर फिरणारी गाडी. दुसरी, थर्माकोलचे ठोकळे रंगवून केलेली, जागची न हलणारी गाडी. पहिलीत विद्यार्थ्याचा हात नसतो. दुसरीत आगगाडीचे मर्म नसते. बक्षीस मात्र बहुतेक वेळा पहिलीस मिळते, कारण ती फिरते. ज्याच्या पालकांस महाग खेळणे घेणे परवडत नाही त्याने मग काय करावे? या प्रश्नाचा विचार विद्यार्थ्यांनी, पालकांनी व शिक्षकांनीही करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे मत थोडक्यात असे की, जे हाताने अचूक होऊ शकत नाही तेवढेच विकत घ्यावे. बाकी सर्व हाताने करावे. हाताने अचूक न होणाऱ्या वस्तू दोन: चाकांची जोडी आणि विद्युत्मोटार. बैलगाडीचे चाक आसावर सैल फिरते. आगगाडीची दोन्ही चाके आसाला घट्ट बसविलेली असतात व आसासह फिरतात. चाकाच्या आतल्या अंगास उंच कड असते, आणि धाव सपाट नसून किंचित शंकूसारखी उतरती असते. या उतारामुळे चाकांची जोडी रुळांच्या मधोमध राहण्याचा आपोआप प्रयत्न करते. बाटलीच्या बुचांची वा सदऱ्याच्या गुंड्यांची चाके करून पाहणाऱ्यास गाडी पदोपदी का घसरते, याचे उत्तर येथे मिळते. म्हणून चाके तेवढी चांगली घ्यावी. मोटार तर मोडक्या खेळण्यातून किंवा निकामी ध्वनिमुद्रण यंत्रातूनही काढता येते.

आता प्रमाणाचा विचार करू. युरोपात सर्वाधिक प्रचलित असलेल्या छोट्या आगगाड्या १:८७ या प्रमाणात करतात, व त्यांच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. हे अंतर त्यांच्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या लोहमार्गावरून आले. आमचा ब्रॉड गेज मार्ग १६७६ मिलिमीटर रुंद आहे. १:८७ ने भागल्यास तो एकोणीस मिलिमीटरांहून अधिक भरतो. म्हणजे विकतच्या रुळांवर आमचा डबा त्या प्रमाणात ठेवला तर तो अरुंद पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. पण तोच डबा १:१०० या प्रमाणात केला तर रुळांतील अंतर १६.७६ मिलिमीटर येते. विकतच्या रुळांत व त्यात फरक उरतो सुमारे पाव मिलिमीटराचा! शिवाय एका मीटरास एक सेंटिमीटर हा हिशेब पाचवीच्या मुलासही तोंडी करता येतो. पेरांबूर येथील कारखाना १९५५ साली सुरू झाला. तेथील पद्धतीचा जुना प्रवासी डबा सुमारे २१.३ मीटर लांब व ३.२५ मीटर रुंद असतो. आमची प्रतिकृती २१.३ सेंटिमीटर लांब व सव्वातीन सेंटिमीटर रुंद झाली. मालडब्याचे नवे चाक एक मीटर व्यासाचे असते. आमचे दहा मिलिमीटरांचे, किंवा बाजारात मिळेल ते त्याच्या जवळपासचे.

साहित्य आपल्या घरातच सापडते. जाड लग्नपत्रिकांचे दोनतीन थर खळीने चिकटवून वजनाखाली सुकविले की डब्याच्या भिंतीस उत्तम पुठ्ठा तयार होतो. आमच्या कोकणातील पावसाळी हवेत मात्र पुठ्ठा फुगतो व वाकतो. म्हणून सुतार वापरतो ते चपड्याचे पॉलिश त्यास आतून व बाहेरून, दोन्ही अंगांस द्यावे. एकाच अंगास दिल्यास तो हमखास वाकडा होतो. मोडक्या छत्रीच्या काड्यांतून दांडे व कठडे होतात. रिकाम्या डब्याच्या पत्र्यातून पायऱ्या होतात, परंतु पत्रा कापताना मोठे माणूस जवळ असावे. तळाशी लोखंडी वायसर चिकटवून वजन द्यावे, कारण हलका डबा वळणावर कलंडतो. हे वजन जितके खाली तितके बरे.

पहिला प्रयोग प्रवासी डब्याचा करू नये, अशी आमची सूचना आहे. त्यास खिडक्या पुष्कळ, आणि एक खिडकी तिरपी कापली गेली की मन खट्टू होते. आरंभ सपाट वाघिणीने करावा. तिला भिंती नाहीत, छप्पर नाही. चौकट, चाके व जोडणी एवढेच. शिवाय ती आमच्या प्रदेशाची आहे. मालाने भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड व वेर्णे यांदरम्यान सुरू केली. वाघिणीवर दोन लहान ट्रक उभे केले की ती प्रतिकृती आपल्या घाटांची व रस्त्यांचीही गोष्ट सांगू लागते. ज्यांस जुन्या मीटर गेज मार्गाची आठवण जपावयाची असेल त्यांनी १:१०० प्रमाणात दहा मिलिमीटरांचा मार्ग धरावा. नऊ मिलिमीटरांचे तयार रूळ त्यास बरेच जवळ येतात. तो मार्ग आता ब्रॉड गेज झाला असल्याने त्याचे रूप पुढील पिढीस चित्रांतून व अशा प्रतिकृतींतूनच दिसणार.

कोणी म्हणेल, अभ्यास सोडून हे खेळ कशाला? आम्ही त्यांस पुण्याकडे बोट दाखवू. कोथरूड येथे १९९८ साली खुले झालेले भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय एका गृहस्थाच्या छंदातून उभे राहिले, आणि आज शाळांच्या सहली ते पाहावयास जातात. गुणोत्तर, दशांश, घर्षण, गुरुत्वमध्य हे शब्द पुस्तकात वाचणे वेगळे, आणि डबा घसरला म्हणून त्यांचा शोध घेणे वेगळे. हाताशी जवळच असलेल्या सावंतवाडीच्या चितारी कारागिरांची लाकडी खेळणी ज्यांनी पाहिली असतील त्यांस हातकामात किती बुद्धी लागते हे समजावून सांगण्याची गरज नाही.

शेवटी आमची आपल्या विद्यालयास एक विनंती आहे. बावीस डब्यांची गाडी १:१०० प्रमाणात साडेचार मीटरांहून लांब होते. ती एकट्याचे काम नव्हे. प्रत्येक वर्गाने एकेक डबा करावा. मात्र सर्वांनी एकच प्रमाण, चाकांतील एकच अंतर, आणि बफरांची व जोडणीची एकच उंची ठरवून घ्यावी. खऱ्या डब्याचे बफर रुळापासून अधिकात अधिक ११०५ मिलिमीटर उंच असतात. आमचे अकरा मिलिमीटर असोत. ठरलेले माप सर्वांनी पाळले म्हणूनच कोठलाही डबा कोठल्याही गाडीस जोडता येतो. जेथे दोन निराळी गेज मिळत तेथे सारा माल उतरवून पुन्हा भरावा लागे. प्रदर्शनात प्रत्येक प्रतिकृतीशेजारी मापांचा तक्ता व खर्चाचा हिशेब ठेवावा, आणि परीक्षकांनी गाडी किती वेगाने धावते यापेक्षा तो कागद आधी वाचावा. असे झाल्यास ज्याच्या घरी दहा रुपये आहेत व ज्याच्या घरी हजार आहेत, ते दोघेही विद्यार्थी एकाच मापाने मोजले जातील, आणि त्यांचे डबे एकाच गाडीस जोडले जातील. विद्यार्थी मित्रांनो, पट्टी, कात्री व खळ एवढ्यावर आरंभ होतो. चाके मागाहून आणू. पहिली वाघीण आजच मोजावयास घ्या!