उंदरांना गुण आला, म्हणून?

नव्या पेप्टाइडमुळे उंदरांची मूत्रपिंडे सुधारली, अशी बातमी आली की डायलिसिसच्या उंबरठ्यावरील रुग्णाच्या घरात आशा पालवते. ते स्वाभाविकच आहे. पण त्या उंदराला आजार झाला कसा, हेही पाहावे.

बहुधा त्याचे एक मूत्रपिंड काढून टाकतात आणि दुसऱ्याचा दोन-तृतीयांश भाग निकामी करतात. उरलेल्या थोड्या गाळण्यांवर साऱ्या शरीराचा भार पडतो, त्यांतला दाब वाढतो आणि त्याही हळूहळू वण धरून बंद पडतात. या दाबात अँजिओटेन्सिन या संप्रेरकाचा, म्हणजे आठ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचा, मोठा वाटा असतो. १९८०च्या दशकात बोस्टनमध्ये बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी एनालाप्रिल देऊन त्याची निर्मिती रोखली, तेव्हा उंदरांची मूत्रपिंडे पुष्कळ वाचली. पुढे माणसांत चाचणी झाली. मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या ४०९ रुग्णांच्या त्या चाचणीत कॅप्टोप्रिलने मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा एकत्रित धोका निम्म्यावर आणला. ते साल १९९३.

सगळ्याच उंदरांची गोष्ट अशी गोड संपत नाही. कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी १९८१मध्ये उंदराच्या हृदयकर्णिकेचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा लघवी आणि तीतून जाणारे मीठ झपाट्याने वाढले. त्या अर्कातले पेप्टाइड अचानक निकामी झालेल्या मूत्रपिंडांवर उंदरांत उपयोगी पडले. त्याच्या कृत्रिम रूपाची ५०४ अत्यवस्थ रुग्णांवर चाचणी झाली. एकवीस दिवस डायलिसिसविना जगलेले किती? औषध घेतलेल्यांत ४३ टक्के, नुसते द्रावण घेतलेल्यांत ४७.

प्रयोगशाळेतला उंदीर तरुण असतो आणि त्याला इजा कधी झाली ते घड्याळ लावून ठाऊक असते. आपला रुग्ण साठीचा, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेला, बऱ्याचदा निम्मे मूत्रपिंड गेल्यावर दवाखान्यात येणारा. म्हणून कोणी पेप्टाइडचे इंजेक्शन सुचवले तर विचारावे: माणसांवर चाचणी झाली का? किती जणांवर? डायलिसिस लांबले, की फक्त रिपोर्टातला एखादा आकडा सुधारला?

आणि त्या इंजेक्शनापायी डॉक्टरांनी दिलेली ‘प्रिल’ची गोळी परस्पर बंद करू नये. ती सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडे चढते, पोटॅशियमही वाढू शकते. त्यासाठी साधारण दोन आठवड्यांत रक्त तपासून घ्यावे.