औषधांसोबत गाण्यांचीही यादी
१९७८मध्ये ‘सदर्न ऑल स्टार्स’ या बँडचे पहिले गाणे जपानमध्ये गाजले, तेव्हा शाळेत असलेली मुले आज साठीत आहेत. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी उतारवयातही ठळक राहतात, तेव्हाची गाणीही. स्मृतिभ्रंशात माणसांची नावे पुसली जातात, पण ओळखीची चाल अनेकदा टिकून राहते. गाण्याने आजार बरा होत नाही. अस्वस्थता मात्र कमी होऊ शकते. म्हणूनच सगळ्या ज्येष्ठांना सरसकट जुनी ‘एन्का’ गाणी ऐकवून भागणार नाही. कुणाला रॉक हवे असेल, कुणाला युमी मात्सुतोया. रुग्णाला सांगता येते तोवरच ही आवड विचारून औषधांच्या यादीशेजारी लिहून ठेवावी. पुढे विचारायला उशीर झालेला असतो.