मंगळावरचा संगणक वारंवार का बंद पडत होता?

१/ संगणक अडला की बंद करून पुन्हा सुरू करावा, हा सर्वत्र रूढ झालेला परिपाठ. तो किती अपुरा आहे, हे १९९७ साली ‘मार्स पाथफाइंडर’ने दाखवून दिले.

२/ ४ जुलै १९९७ रोजी नासाचे हे यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच, हवामानाच्या नोंदी सुरू झाल्यावर, त्याचा संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. दर वेळी उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. आणि यानाची नियोजित मोहीम होती अवघ्या ३० दिवसांची.

३/ संगणकावर एकाच वेळी फार कामे लादली गेली, असे वृत्तपत्रांत छापून आले. खरा दोष कामांच्या अग्रक्रमात होता.

४/ हवामानाची नोंद हे कनिष्ठ काम. ते सामायिक साधनाला कुलूप लावून बसे. तेवढ्यात मधल्या दर्जाचे, दळणवळणाचे काम त्याला थांबवून पुढे घुसे. कुलूप उघडत नसे आणि सर्वांत वरिष्ठ काम दाराशीच खोळंबे. ते वेळेत उरकले नाही, हे पाहून ‘वॉचडॉग’ हा पहारेकरी सगळा संगणकच रीसेट करी.

५/ अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच संगणकावर हा बिघाड पुन्हा घडवून आणला. घडामोडींची नोंद ठेवणारी सोय प्रणालीतून काढून टाकलेली नव्हती. तिच्यामुळेच उलगडा झाला.

६/ उपाय छोटा होता. वरिष्ठ काम खोळंबले असेल, तोवर कुलूप धरणाऱ्या कनिष्ठाला वरिष्ठाचाच अग्रक्रम द्यायचा. ही सोय ‘व्हीएक्सवर्क्स’ प्रणालीत होतीच. त्या कुलपापुरती बंद होती. ती सुरू करणारा बदल मंगळावर पाठवला गेला आणि रीसेट थांबले. २७ सप्टेंबरपर्यंत यानाकडून माहिती येत राहिली.

७/ मात्र असे रीसेट मंगळावर उतरण्यापूर्वीच्या चाचण्यांतही दिसले होते. ते पुन्हा घडवता आले नाहीत आणि सुखरूप उतरण्याच्या तयारीला प्राधान्य मिळाले. त्याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही एकदाच दिसलेला बिघाड संपलेला नसतो, एवढे यातून सिद्ध होते.

८/ इतिहासाचा अभ्यासक न जुळणारा कागद फाडून टाकत नाही. तो जपून ठेवतो. बिघाडालाही हाच न्याय लावायला हवा. ‘सर्व्हर डाउन आहे, थोड्या वेळाने या’ असे रोज सांगणाऱ्या प्रत्येक कार्यालयात बिघाडाची वेळ, तेव्हा चालू असलेली कामे आणि पडद्यावरचा संदेश लिहून ठेवणारी एक वही असावी. नोंद न करता केलेला रीस्टार्ट म्हणजे पुरावा नष्ट करणेच होय.