विजेचे चित्र आणि जिवाचे मोल

वळवाचे ढग शहरावर दाटून आले की पूर्वी घरोघरी दारे-खिडक्या लावून घेतल्या जात. आता गच्चीची दारे उघडतात. विजेची लखलख मोबाइलमध्ये किंवा कॅमेऱ्यात पकडण्याची ही हौस मुळीच निंद्य नाही. किंबहुना, विजेविषयीचे माणसाचे बरेचसे ज्ञान छायाचित्रणाच्याच वाटेने आले आहे. फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज यांनी १८८२ मध्ये विजेचे छायाचित्र घेतले आणि चित्रकार रंगवीत आलेली करवतीच्या दात्यांसारखी वीज काल्पनिक ठरली. खरी वीज नदीसारखी, फाटे फुटलेली निघाली. पुढे चार्ल्स बॉईज यांनी फिरत्या भिंगांचा कॅमेरा रचला. १९३०च्या दशकात बेसिल शोनलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जोहान्सबर्गच्या आकाशावर रोखला. तेव्हा कळले की, वीज एका झेपेत जमिनीवर येत नाही. ती सुमारे ५० मीटरच्या टप्प्याटप्प्यांनी वाट शोधीत उतरते आणि कोठे कोसळायचे हे बहुधा अखेरच्या टप्प्यात ठरते. उघड्यावरील उंच जागा घातक का, याचे उत्तर यातच आहे.

मग छायाचित्रासाठी गच्ची गाठण्याची गरज तरी काय? वीज दिसल्यावर कळ दाबणाऱ्याच्या हाती सहसा अंधारच लागतो. जाणकार छायाचित्रकार रात्री कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवतो, शटर दहा-वीस सेकंद उघडे राहू देतो आणि वीज स्वतःच आपले चित्र काढून जाते. हे काम घरातील दिवे मालवून, बंद खिडकीच्या काचेतूनही साधते. त्याला धीर लागतो. धाडस लागत नाही.

११ जुलै २०२१ रोजी जयपूरनजीक आमेर किल्ल्यासमोरील टेहळणी बुरुजावर वीज कोसळून ११ जणांचा मृत्यू झाला. पावसाची मौज लुटण्यास जमलेल्यांपैकी काही जण मोबाइलवर स्वतःची छायाचित्रे काढीत होते, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ बळी घेतले. अशा बळींत शिवारात राबणाऱ्यांचा भरणा मोठा असतो. भर माळावर सापडलेल्या शेतमजुराला आसरा नसतो. गच्चीवरील हौशी माणसाला मात्र जिना दोन पावलांवर असतो. पहिल्याचा मृत्यू ही समाजाची हेळसांड होय, दुसऱ्याचा हा निव्वळ अविचार.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजांची सूचना देते. ती सूचना मिळताच किल्ले, टेकड्या आणि मनोरे रिकामे करण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनाने घेतली पाहिजे. केवळ फलक लावून ती संपत नाही. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, हे साधे गणित प्रत्येक शाळेत शिकविले जावे. ध्वनीच्या वेगाचा धडा तेथे असतोच. तो जिवाशी जोडला जात नाही, एवढेच.

आकाशाचे रौद्र सौंदर्य अवश्य टिपावे. परंतु ते टिपणारा दुसऱ्या दिवशी ते चित्र पाहण्यास हयात असावा, एवढी दक्षता ज्याची त्यानेच घ्यावयाची आहे.