विश्लेषण : पूरमापक यंत्रणेत घरभेदी शिरला तर?

पावसाळ्यात सांगलीकरांची नजर आयर्विन पुलावर असते. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. हे पाणी येते वरून, सातारा जिल्ह्यातून. महाबळेश्वर-नवजाचा पाऊस, कोयनेचा विसर्ग आणि कराडची पातळी वेळेत कळली, तरच जनावरे आणि संसार हलवायला अवधी मिळतो. त्यासाठी कृष्णा खोऱ्यात जलसंपदा विभागाची स्वयंचलित केंद्रे आहेत. त्यांतले संवेदक पाऊस व पातळी मोजून आकडे बिनतारी पद्धतीने पाठवतात.

धोका कुणाकडून?

हॅकर म्हटले की दूरदेशीचा कुणी अनोळखी माणूस डोळ्यांसमोर येतो. पण अशा जाळ्याला खरी भीती आतल्यांची. आकडे कूटबद्ध करून पाठवले, तरी त्याची किल्ली देखभालीच्या तंत्रज्ञाकडे असते. कधी ती काम सोडून गेलेल्याकडेही राहते. नदीकाठच्या एकाकी पेटीतून ती चोरताही येते. मग खोटा आकडाही खऱ्यासारखाच सहीशिक्क्यानिशी येतो. ऑस्ट्रेलियातील मारूची येथे 2000 साली हेच घडले. सांडपाणी यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीच्या माजी कर्मचाऱ्याने लॅपटॉप व रेडिओच्या साह्याने पंपांना खोटे आदेश दिले. सुमारे आठ लाख लिटर मैला उद्याने आणि ओढ्यांत गेला. त्याला कुलूप तोडावे लागले नव्हते.

मग उपाय काय?

शेजाऱ्याची साक्ष. कराडला पाणी चढते आहे, खाली भिलवडीलाही चढते आहे आणि मधल्या बहे येथील आकडा मात्र हलत नाही, तर संशय बहेच्या केंद्रावर घ्यायचा. नदीला खोटे बोलता येत नाही. एका केंद्राला येते. ही पडताळणी संगणक करू शकतो, पण त्यासाठी केंद्रे पुरेशी दाट हवीत. प्रत्येक केंद्राची किल्ली वेगळी हवी, म्हणजे एक फुटली तरी बाकीची वाचतात. कंत्राट संपले त्याच दिवशी जुन्या किल्ल्या रद्द व्हाव्यात, आणि इशाऱ्याची मर्यादा एकट्या माणसाला बदलता येऊ नये. यातले काहीच महाग नाही. फक्त निविदेत ते आधी लिहावे लागते, आणि निविदेत भाव खाऊन जाते ते यंत्र.

स्वयंचलित केंद्र आले म्हणून पुलावरची पट्टी वाचणारा माणूस कमी करणे तर मुळीच परवडणारे नाही. रात्री दोन वाजता विजेरी घेऊन त्याने पाहिलेला आकडा कोणत्याही बिनतारी जाळ्यातून येत नाही.