नळाचें पाणी मागें फिरूं देऊं नये

नळांतून पाणी येतें, नळांत पाणी जात नाहीं, अशी आपणां सर्वांची समजूत असते. ती चुकीची आहे. नळीला एकाच दिशेची ओढ नसते. जिकडे दाब कमी, तिकडे पाणी वाहतें. आणि दाब पाठीमागें कमी झाला म्हणजे नळीच्या तोंडाशीं जें काय असेल तें घेऊन पाणी मागें फिरतें. तोंड टिपाडांत बुडालेलें असेल तर टिपाडांतील औषध, गटारांत असेल तर गटाराची घाण, गांवाच्या पिण्याच्या पाण्यांत जाते. या गोष्टीकडे आपण कास्तकार मंडळींनीं फार दुर्लक्ष केलें आहे, आणि तें यापुढें परवडणारें नाहीं, एवढेंच मला येथें सांगावयाचें आहे.

माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. टंचाईचे अहवाल, टँकरच्या खेपांचे तक्ते, विहीर अधिग्रहणाचे कागद, हें सारें मीं वर्षानुवर्षें लिहिलें. गांवास पाणी किती आलें याचा हिशेब त्यांत असे. आलेल्या पाण्यांत परत काय गेलें, याचा रकाना मात्र कोणत्याहि तक्त्यांत नव्हता. तो रकाना असावयास पाहिजे होता, हें मला सेवानिवृत्तीनंतर, स्वतःच्या चुकीनें समजलें.

घरची शेती पाहूं लागल्यावर एका खरिपांत सोयाबीनच्या बांधावरील गवतावर फवारणी चालली होती. घरच्या नळाला लांब नळी जोडून तिचें तोंड मीं तणनाशक कालवलेल्या दोनशें लिटरच्या टिपाडांत खोल बुडवून ठेवलें. वरून धरलें तर फेस येतो आणि हात भरून येतो, म्हणून ही युक्ति. आमच्या आळीस विहिरीवरच्या पंपानें थेट पाणी येतें. टिपाड पाऊण भरलें आणि वीज गेली. थोड्या वेळानें येऊन पाहतों तों टिपाडांतील पाणी चार बोटें उतरलेलें. टिपाड कोठें गळत नव्हतें. नळीचें तोंड पाण्याबाहेर काढून त्यावर तळहात ठेवला, तर नळी हात आंत ओढीत होती. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं तीं चार बोटें आळीच्या नळांत गेलीं. मी धांवत घरोघर सांगत सुटलों. वीज आल्यावर सर्व नळ बराच वेळ वाहूं दिले, भरलेलीं भांडीं ओतून घासविलीं, आणि पंचायतींत जाऊन झालेली गोष्ट स्वतः सांगितली. कोणास इजा झाली नाहीं हें दैव. त्यांत माझें शहाणपण कांहीं नाहीं.

यांत चमत्कार कोणताच नाहीं. पिंपांतून डिझेल काढावयाचें असतां आपण नळी एकदां तोंडानें ओढतों, आणि मग डिझेल आपोआप वाहूं लागतें. तीच ही रीत. हवेचा दाब पाण्याला पोकळींत सुमारें दहा मीटरपर्यंत चढवूं शकतो. जुन्या तेल-इंजिनाचा पंप विहिरींत खालीं उतरवून बसवावा लागे तो याच मर्यादेमुळें, हें आपणांस ठाऊक आहेच. गांवाच्या जलवाहिनींतील पाणी एकाएकीं खालच्या बाजूस ओसरलें म्हणजे वरच्या बाजूस नळींत पोकळी होते, आणि ती पोकळी जेथें उघडें तोंड मिळेल तेथून भरून निघते.

असा दाब जाण्याचीं कारणें आपल्या गांवांत रोजचींच आहेत. वीज जाते. पाणी सोडणारा एका आळीचा व्हॉल्व्ह बंद करून दुसरीचा उघडतो. नळी फुटते. खालच्या आळींत दहा तोट्या एकदम उघडतात आणि वरच्या आळीची नळी रिती होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे नळालाच टिल्लू मोटार जोडून पाणी खेंचलें जातें. मोटार केवळ पाणी ओढीत नाहीं. नळीच्या सांध्यासांध्यांतून, चिरेंतून, व्हॉल्व्हच्या तुंबलेल्या खड्ड्यांतून जें ओढलें जाईल तें ओढते. नळी गटाराजवळून गेली असली, आणि आपल्या गांवांत ती बहुधा तशीच गेलेली असते, तर शेजाऱ्याच्या घागरींत काय पडत असेल याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

हें केवळ तर्कानें म्हणत नाहीं. अमेरिकेंत शिकागो शहरीं १९३३ सालीं मोठें जागतिक प्रदर्शन भरलें असतां दोन हॉटेलांतील नळांच्या सदोष जोडण्यांमुळें मैल्याचा अंश पिण्याच्या पाण्यांत गेला. आमांशाचे १,४०९ रोगी नोंदले गेले आणि ९८ माणसें दगावलीं. त्याच देशांत वुस्टर गांवीं १९६९ सालीं होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघांतील ९७ जणांपैकीं ९० जणांस काविळीच्या रोगाची बाधा झाली. मैदान भिजविण्याच्या तोट्या जमिनींतील खड्ड्यांत बसविल्या होत्या, आणि त्या खड्ड्यांत साचलेलें पाणी शेजारच्या रोगी मुलांच्या खेळण्यानें दूषित झालें होतें. दूर कोठें आग विझविण्यास पाणी घेतलें गेल्यानें नळाचा दाब पडला आणि खड्ड्यांतील घाण पिण्याच्या तोटीकडे गेली. तोटी खड्ड्यांत असणें म्हणजे काय, हें आपल्या पाणंदींतील व्हॉल्व्हचे खड्डे पाहणाऱ्यास निराळें सांगावयास नको.

तिसरें उदाहरण तर आपल्याच धंद्यांतलें आहे. मेरीलँड प्रांतांतील वुड्सबरो या लहान गांवीं जून १९८७ मध्यें गांवाचा पंप बिघडून दाब एकदम उतरला. त्याच वेळीं पॅराक्वाट या तणनाशकाच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता. टाकींतील औषध गांवाच्या नळांत शिरलें, कांहीं घरांच्या तोट्यांतून पिवळें पाणी येऊं लागलें, आणि तें पाणी पिण्यास, स्वयंपाकास वा अंघोळीस घेऊं नये, अशी ताकीद सरकारास द्यावी लागली. हेंच पॅराक्वाट आपल्याकडेहि वापरलें जातें, आणि त्याच्या विषावर खास असा उतारा अद्याप नाहीं. माझी आळी आणि वुड्सबरो यांत फरक एवढाच कीं तेथें तें लोकांच्या दृष्टीस पडलें.

आपल्या देशांतहि पाणी उलटल्याचा मोठा दाखला आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीस नजफगड नाल्याचें सांडपाणी यमुनेंत वरच्या अंगास, वजीराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागें सरकलें, आणि सुमारें २९ हजार माणसांस कावीळ झाली. तेथें नदी उलटली, येथें नळी उलटते, न्याय एकच.

आतां आपल्या नांदेड-लातुराकडे पाहूं. आपल्या भागांत हा धोका इतरांपेक्षां अधिक आहे, आणि त्याचें कारण टंचाई. नळीत चोवीस तास दाबाचें पाणी असेल तर बाहेरची घाण आंत येऊं शकत नाहीं, उलट चिरेंतून पाणीच बाहेर जातें. परंतु आपल्याकडे दिवसाआड, आठवड्यानें, कधीं त्याहून उशिरां पाणी सुटतें. मधल्या काळांत नळी रिती पडते. २०१६ सालीं लातूर शहराची स्थिति अशी झाली कीं मार्चमध्यें पाण्याच्या ठिकाणीं जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि एप्रिलमध्यें मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनीं पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर आलें. एवढ्या कष्टानें आलेलें पाणी आपल्या दारच्या शेवटच्या पंधरा फुटांत नासूं द्यावयाचें, हा कोणता व्यवहार? २०१९ पासून जल जीवन मिशनमुळें खेडोपाडीं घरटी नळ आले, माणशीं दररोज ५५ लिटर पाण्याचें उद्दिष्ट ठरलें. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जितके नळ, तितकीं तोंडें. आणि प्रत्येक तोंड सांभाळणारा ज्याच्या त्याच्या घरचा मालक.

आपल्या वडीलधाऱ्यांनीं नारू पाहिला आहे. पायऱ्यांच्या बारवेंत उतरून पाणी भरणाऱ्याच्या पायाच्या फोडांतून तो किडा आपलीं पिल्लें पाण्यांत सोडी, आणि तेंच पाणी पिऊन दुसऱ्यास नारू होई. त्यावर ना लस होती ना रामबाण औषध. नारू झालेल्यानें पाण्यांत पाय घालावयाचा नाहीं, पायऱ्यांचें पाणी प्यावयाचें नाहीं, प्यावयाचें तर गाळून, एवढा नियम गांवोगांवीं पाळला गेला, हातपंप आले, आणि २००० सालीं आपला देश नारूमुक्त ठरला. पाण्यांत पाय घालूं नये हें जसें शिकलों, तसेंच औषधांत नळी घालूं नये हें शिकावयाचें आहे.

उपाय सोपे आहेत आणि बहुतेक बिनखर्चाचे आहेत. पहिला व मुख्य उपाय हवेच्या अंतराचा. नळीचें तोंड आणि टिपाडाचा कांठ यांत नळीच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कोणत्याहि स्थितींत एक इंचाहून कमी नाहीं इतकें अंतर हवें, असा नळकामाचा नियम आहे. आपण सरळ एक वीत धरावी. हवा ओलांडून औषध नळींत चढूं शकत नाहीं. टिपाडाच्या कांठावर लांकडाची आडवी पट्टी बांधून तिला नळी अडकविली म्हणजे हातहि दुखत नाहीं. दुसरें, आधीं निव्वळ पाणी भरावें, तोटी बंद करून नळी काढून घ्यावी, आणि मगच औषध कालवावें. फेंसाची अडचण यानेंच मिटते. तिसरें, जनावरांच्या हौदांत, सांडपाण्यांत, अंगणांतल्या डबक्यांत नळीचें तोंड पडूं देऊं नये. चौथें, पंचायतीनें गांवाबाहेर फवारणीचें पाणी भरण्यासाठीं डोक्याइतक्या उंचीचा एक खांबी नळ उभारावा. त्याखालीं टिपाड ठेवलें तरी तोंड बुडूंच शकत नाहीं, आणि घराघरांत औषध कालविण्याचें कारण उरत नाहीं.

ज्यांची विहीर वा बोअर शेताला आणि घराला एकच आहे, आणि ठिबकाला व्हेंच्युरीनें खत सोडलें जातें, त्यांनीं विशेष जपावें. पंप थांबला कीं नळींतील पाण्याचा स्तंभ मागें विहिरींत उतरतो आणि खताची टाकीहि सोबत ओढतो. पंपाच्या आणि खताच्या जोडणीच्या मध्यें उलट न फिरणारा व्हॉल्व्ह बसवावा, तो झडपेशीं कचरा अडकून उघडा राहत नाहीं हें हंगामाआधीं पाहावें, आणि पंप बंद करण्यापूर्वीं खताची चावी बंद करावी. फूट व्हॉल्व्हवर विसंबूं नये; तो किती दिवस पाणी धरतो हें प्रत्येक कास्तकार जाणतो.

कित्येक जण म्हणतील कीं पंचायत टीसीएल पावडर टाकते, मग भय कशाचें? पावडरीनें जंतु मरतात हें खरें. म्हणूनच शेवटच्या घरच्या नळाशींहि क्लोरिनचा अंश लिटरमागें किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असें मानक आहे. परंतु तणनाशक, कीटकनाशक वा युरिया त्या पावडरीनें पाण्यांतून निघून जात नाहीं, आणि मैला पुष्कळ शिरला तर पावडरीचें बळहि पुरत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो मी टाळीत नाहीं. "मोटार लावली नाहीं तर आमच्या उंचावरच्या घरीं थेंब येत नाहीं," असें गरीब मनुष्य म्हणतो तेव्हां तो खोटें बोलत नाहीं. परंतु त्याला पाणी न येण्याचें पहिलें कारण खालच्या आळींतील मोटारीच असतात. एकट्यानें मोटार काढून कांहीं साधत नाहीं. सर्वांनीं एकाच दिवशीं काढाव्या लागतात. पंचायतीनेंहि आपल्या बाजूनें उंच आळीस निराळी वेळ द्यावी, व्हॉल्व्हचे खड्डे कोरडे ठेवावे, गटाराजवळच्या चिरा आधीं दुरुस्त कराव्या. एका दंडाच्या पावतीनें हें होणार नाहीं. आपल्या राज्यांत कराडजवळच्या मलकापूरनें २००९ च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना चालवून दाखविली. मीटर लागले, गळती आवरली, आणि नळी सतत भरलेली राहिली. आपल्याकडे पाणीच अपुरें, तें लगेच जमणार नाहीं, हें मान्य. परंतु मोटारी काढणें आणि नळी टिपाडाबाहेर ठेवणें याला धरणांत पाणी असण्याची अट नाहीं.

नासलेल्या पाण्याचा बोभाटा झाला कीं आपण पंचायतीस, पाणी सोडणाऱ्यास, सरकारास बोल लावतों. त्यांचे दोष असतील. मीहि त्याच सरकारांत उभा जन्म काढला आहे, ते मला ठाऊक आहेत. पण त्या दिवशीं नळींत तणनाशक कोणा अधिकाऱ्यानें सोडलें नव्हतें. तें मीं सोडलें होतें. फवारणीचे दिवस आणि पावसानें गटारें तुंबण्याचे दिवस एकच असतात. सबब येत्या खरिपापूर्वींच्या ग्रामसभेंत प्रत्येक सभासदानें दोन ठराव मांडावे: नळास मोटार नाहीं, आणि औषधांत नळी नाहीं. ठराव होईपर्यंत ज्यानें त्यानें आपल्या अंगणांतील नळीचें तोंड आजच जाऊन पाहावें.