राष्ट्रपतींच्या हस्ते

नवी दिल्लीच्या विज्ञान भवनात २३ सप्टेंबर २०२५ रोजी एकाहत्तरावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते प्रदान करण्यात आले. कॅमेऱ्यांची गर्दी शाहरुख खान, राणी मुखर्जी आणि फाळके पुरस्काराचे मानकरी मोहनलाल यांच्याभोवती होती, आणि ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. मराठी माणसाचे लक्ष मात्र त्या यादीतील दुसऱ्याच एका नावाने वेधून घेतले असेल. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून सुजय डहाके यांच्या 'श्यामची आई'ची निवड झाली होती.

ह्या नावाशी राष्ट्रीय पुरस्कारांचा जन्मच निगडित आहे. १९५४ साली केंद्र सरकारने हे पुरस्कार प्रथम दिले, तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले. हिंदीतील 'दो बिघा जमीन'सारख्या चित्रपटाला त्या वर्षी गुणवत्तेच्या प्रशस्तिपत्रावर समाधान मानावे लागले होते. साने गुरुजींचा जन्म पालगडचा, श्यामच्या आईची भूमिका करणाऱ्या वनमाला ग्वाल्हेरच्या. कोकणातील एका गरीब घराची कथा अशा रीतीने राष्ट्राच्या पहिल्या सन्मानाला पात्र ठरली. गोमंतक त्या वेळी पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. मुक्तीनंतर पाचच वर्षांनी, १९६६ साली निघालेल्या 'निर्मोण' ह्या कोंकणी चित्रपटानेही राष्ट्रीय पुरस्कारांत प्रशस्तिपत्र मिळविले. लहान भाषांच्या चित्रपटांना हे एवढे एकच दार सदैव उघडे राहिले आहे. तिकीटबारी त्यांच्यावर क्वचितच प्रसन्न होते.

म्हणूनच पदक कोणाच्या हातून मिळते हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाही. ३ मे २०१८ रोजी जे घडले ते ह्या संदर्भात आठवावे. राष्ट्रपती केवळ अकरा पुरस्कार देतील व उरलेले माहिती व नभोवाणी मंत्री देतील, असे विजेत्यांना आदल्या दिवशी, तालमीच्या वेळी सांगण्यात आले. राष्ट्रपती अशा समारंभांना एक तासाहून अधिक वेळ देत नाहीत, असा खुलासा राष्ट्रपती भवनाने केला. पन्नासांहून अधिक विजेते समारंभापासून दूर राहिले. त्यांच्यावर अहंकाराचा आरोप झाला. आमच्या मते तो अन्यायाचा होता. नामवंत नटाला सन्मानाची उणीव नसते. एरवी पडद्यामागेच राहणारा संकलक किंवा ध्वनिमुद्रक आयुष्यात एकदाच त्या व्यासपीठावर चढतो, आणि त्या एका संध्याकाळी तो नटाच्या बरोबरीचा असतो. विजेत्यांची अकरा आणि बाकीचे अशी विभागणी झाली की ही बरोबरी संपते. शिवाय निमंत्रणे पाठवून झाल्यावर, अगदी ऐन वेळी हे सांगणे हा तर साधा अशिष्टपणा होता. पुढील दोन समारंभांत, २०१९ व २०२१ मध्ये, उपराष्ट्रपतींच्या हस्ते वितरण झाले. २०२२ पासून राष्ट्रपती पुन्हा समारंभाला येऊ लागल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. ह्या समारंभासाठी वर्षातून एक दुपार राखून ठेवणे राष्ट्रपती भवनाला अशक्य नाही. पुरस्कारांची संख्या वाढली असेल तर ती कमी करण्याचा विचार अवश्य व्हावा, पण तो वर्षारंभी, नियमावलीत.

ह्या पदकांनी मराठी चित्रपटाला काय दिले, हे वेगळे सांगायला नको. अत्र्यांच्या सुवर्णपदकानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या सन्मानासाठी मराठीला 'श्वास'पर्यंत, म्हणजे २००४ पर्यंत थांबावे लागले. त्यानंतर 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' यांनी तो मान मिळविला. २०२५ च्या समारंभात 'आत्मपॅम्फ्लेट'च्या दिग्दर्शकाला पदार्पणाचा, 'नाळ २'ला बालचित्रपटाचा पुरस्कार मिळाला. 'नाळ २'मधील चिमुरडी साडी नेसून व्यासपीठावर गेली, तेव्हा सभागृहाने केलेला टाळ्यांचा कडकडाट देशाने पाहिला.

चित्रपट मात्र देशाने पाहिले काय? एके काळी दूरदर्शन रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट दाखवी. मल्याळम व बंगाली चित्रपटांची ओळख आपल्याकडील अनेक घरांना झाली ती त्या दुपारींमुळे. खाजगी वाहिन्यांच्या गर्दीत ती प्रथा लोपली. २००४ पासून गोव्यात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्या काळात पणजी उजळून निघते, पण पेडणे किंवा काणकोणचा रसिक मराठी पुरस्कारविजेता चित्रपट पाहायला जाणार कुठे? मडगाव, साखळी, कुडचडे येथे रवींद्र भवने उभी आहेत, फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर आहे. समारंभानंतर महिन्याभरात विजेते चित्रपट माफक तिकिटात तेथे दाखविण्यास केवळ सरकारी इच्छा हवी, नवा खर्च फारसा नाही. माहिती खात्याने निर्मात्यांशी आजच बोलणी सुरू करावी. महाराष्ट्र शासनानेही सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हेच करावे, आणि 'श्यामची आई'चा पहिला खेळ दापोली तालुक्यातील पालगड येथे लावावा.